दोन किलो तूरडाळ

रविवारी सकाळी ओट्यावर सहा डबे होते. साखर चारशे दहा ग्रॅम, पोहे एकशे ऐंशी, शेंगदाणे दोनशे पाच, हरभराडाळ तीनशे, तांदूळ सव्वा किलोच्या थोडा वर. सहाव्या डब्यात, तूरडाळीच्या, दोन ग्रॅम.

सायलीने तो डबा पुन्हा वजनकाट्यावर ठेवला. पुन्हा दोन.

"निघायचं ना?" दारातून सुदर्शन म्हणाला. स्कूटरची किल्ली त्याच्या बोटात फिरत होती. दर रविवारी नवरा-बायको आठवड्याचा किराणा आणायला जात. अडीच हजारांत बसवायचा, असं ठरलं होतं. गेले तीन रविवार तो सत्तावीसशेच्या पुढे गेला होता.

"तूरडाळ संपली," सायली म्हणाली. "मागच्या रविवारी दोन किलो आणलेली. चार माणसांना एका वेळी एकशे पंधरा ग्रॅम, आठवड्यात चौदा वेळा. सोळाशे दहा झाले. पावणेचारशेच्या वर उरायला पाहिजे होती."

"तुझं वरण घट्ट असतं. सुरीनं कापून वाढावं लागतं."

"मी फक्त संध्याकाळचं करते. तेही मोजून. सकाळी कुकर लागतो तेव्हा मी चितेगावच्या कंपनीच्या बसमध्ये असते."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. सकाळचा कुकर सासूबाई लावायच्या. त्या, आशाबाई, तिथेच खाली बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मग काय, आई कच्ची डाळ खाते?" सुदर्शन हसला. "आमच्या ऑफिसातला तो बद्रीनाथ बघ. चौघांचं दोन हजारांत भागवतो."

"ते चौघं निम्मा आठवडा त्याच्या सासुरवाडीला जेवतात."

"ते राहू दे. पुढच्या रविवारपासून मी मोबाइलवर मागवतो. पाव पाव किलोची पाकिटं. दिवसाला एक फोडायचं. गळती कुठंय ते आपोआप कळेल."

"पाकिटातली डाळ शिजत नाय नीट," आशाबाई म्हणाल्या.

"सगळं शहर खातंय, आई."

"शहराला दात हायत," बाहेरच्या खोलीतून, पेपरच्या मागून सासरे म्हणाले. सुदर्शन स्कूटर काढायला खाली गेला.

पिशव्या घ्यायला सायलीने ओट्याखालचं कपाट उघडलं. पिशव्यांच्या मागे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. तो जड लागला. तिने झाकण काढलं. मग काट्यावर ताटली ठेवली, काटा शून्यावर आणला आणि डब्यातली तूरडाळ ताटलीत ओतली.

आशाबाईंचे हात मेथीत थांबले.

"किती भरली?"

"तीनशे अठ्ठ्याऐंशी."

"रोजची एक मूठ. कुकर लावायच्या आधी काढते." मग मेथीकडे बघत त्या म्हणाल्या, "सुरेखाकडं पाच माणसं हायत."

सुरेखा म्हणजे सुदर्शनची धाकटी बहीण. ती दौलताबादला असते. मोटारसायकलवरून पडून नवऱ्याचा पाय मोडला, त्याला सहा महिने झाले होते. तो अजून कामावर गेला नव्हता. दिवाळीत आशाबाईंनी विषय काढला, तेव्हा ज्याने त्याने आपलं घर बघावं, असं सुदर्शन म्हणाला होता. नंतर तो विषय कुणी काढला नाही. सुरेखा रविवारी दुपारी जेवायला यायची, तेवढं सुरू होतं.

खालून हॉर्न वाजला. मग हाक आली.

"सापडली का गळती?"

आशाबाई सायलीकडे बघत राहिल्या. सायलीने डाळ परत पत्र्याच्या डब्यात भरली, झाकण लावलं आणि ती खिडकीशी गेली.

"सापडली. वरणच घट्ट होतंय माझं."

"मी काय सांगत होतो?"

"आता पातळ करते. पाकिटं नकोत."

"दोन किलोच्या वर एक दाणा आणायचा नाही मग."

"नाही आणत."

"बघतो महिनाभर. नाहीतर पाकिटं."

सायलीने डबा होता तिथे ठेवला आणि पिशव्या घेतल्या. दाराशी पोचली तेव्हा मागून आशाबाई म्हणाल्या, "घट्ट कुठं असतंय तुझं वरण. सांबारासारखं तर असतंय."

उस्मानपुऱ्यातल्या दुकानात तूरडाळ दोन किलोच घेतली. कॉफीची बाटली सायलीने टोपलीत टाकली होती, ती पैसे द्यायच्या आधी परत फळीवर ठेवली. बिल दोन हजार चारशे ऐंशी झालं. सुदर्शनने ते दोनदा वाचून खिशात घातलं.

दुपारी सुरेखा आली. सगळे एकत्र जेवले. चारच्या सुमारास ती निघाली, तेव्हा तिच्या पिशवीतून कढीपत्त्याच्या दोन काड्या वर आल्या होत्या. "शेजारच्या झाडाचा लई छान वास येतो," सुदर्शनला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने आशाबाई म्हणाल्या. सुदर्शन सोफ्यावर आडवा होता. त्याने नुसतं हूं केलं.

संध्याकाळी सायली स्वयंपाकघरात आली, तेव्हा पत्र्याचा डबा धुऊन नळाजवळ पालथा घातलेला होता. आशाबाई देवापाशी वाती वळत बसल्या होत्या.

सायलीने वाटीत एकशे पंधरा ग्रॅम डाळ मोजली. पत्र्याचा डबा आतून कोरडा पुसला, काट्यावर ठेवला आणि काटा शून्यावर आणला. मग वाटीतून एक मूठ उचलून डब्यात सोडली.

एकेचाळीस ग्रॅम. कुकरमध्ये चौऱ्याहत्तर गेले.