भोवऱ्याची पाटी

भोवरा नावाच्या निळ्या डोळ्यांच्या कुत्र्याला दत्तक घेऊन मी निघाले, तरी शेल्टरच्या वैजूताईंनी पिंजऱ्यावरची त्याच्या नावाची पाटी काढली नाही.

“हस्कीचं रक्त आहे त्याच्यात. त्याला पळवून पळवून माणसं दमतात आणि परत आणून सोडतात. तुम्हीही आणाल.”

डोक्यातच गेलं माझ्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला मैदानावर नेलं. तिथे मी मुलींकडून पोलीस भरतीची तयारी करून घेते. मुलींचा एक गट धावून थांबला की दुसरा सुटायचा. भोवरा प्रत्येक गटाच्या पुढे.

रविवारी मैदानावरच वैजूताईंचा फोन आला. “कधी आणताय परत?”

भोवरा गवतात चारी पाय पसरून घोरत होता. मुली अजून धावतच होत्या.

“हळू बोला, ताई,” मी म्हटलं. “दमून झोपलाय तो. आणि ती पाटी काढा आता.”