बाहेर वळवलेले जोडे

न्यूयॉर्कमधल्या आमच्या कोरियन वस्तीत, फ्लशिंगला, सकाळपासून बर्फ पडत होता. चर्चच्या बायका आमच्याकडे प्रार्थनेला येणार, म्हणून मी सासूबाईंना मागच्या खोलीत निजवलं आणि बाहेरून कुलूप लावलं. मागच्या खेपेला त्यांनी सगळ्यांदेखत अंगावरचे कपडे काढून टाकले होते.

"सासूबाई दिसत नाहीत, यंगहुनच्या आई?" बोंग्सून मावशींनी विचारलं.

"नणंदेकडे गेल्यात, कोरियाला." रोज पहाटेची प्रार्थना न चुकवणारी मी, जोडलेले हात न सोडता हे बोलले.

निघताना सगळ्या दाराशी थबकल्या. घराकडे तोंड करून काढलेले त्यांचे जोडे कुणीतरी बाहेर वळवून ओळीनं मांडले होते. पाहुण्यांसाठी हे नेहमी सासूबाई करायच्या. मला कधी सुचायचं नाही.

"प्रार्थनेतून उठलीस कधी गं? सासूनं घासूनपुसून घेतलंय हो तुला, नाहीतर तू कसली!" मावशी हसल्या. त्यांनी जोड्यात पाय घातला आणि चटकन मागे घेतला. "अगंबाई, आतून ऊबदार आहेत!"

मागच्या खोलीचं कुलूप इथून दिसत होतं, तसंच लावलेलं. किल्ली माझ्या मुठीत होती. माझी मान वर होईना.

त्या गेल्यावर ओळीत एकच जोड उरला. तो माझा होता. तोही बाहेर वळवलेला होता, निघालेल्या पाहुणीचा असावा तसा.