वीरगळावरची फट

वीरगळावरच्या तलवारीची धार आणि तिच्याखाली गुडघे टेकलेल्या माणसाची मान, यांच्यात पाडव्याला अकरा मिलिमीटरची फट होती. आज सकाळी रुचिराने पट्टी लावली तेव्हा ती दोनच भरली.

गुडघे टेकलेला तो म्हणजे घराण्याचा मूळपुरुष, आठशे वर्षांपूर्वी गाव राखताना मारला गेलेला; त्याचा हा दगड घरासमोरच उभा होता. विमानतळासाठी उलव्याजवळच्या त्या गावातलं आता एकच घर पाडायचं राहिलं होतं, रुचिराच्या सासऱ्यांचं, हसुरामांचं. घर सोडण्याच्या कागदावर सही घ्यायला माणसं आली की ते म्हणत, "पुढच्या रविवारी सांगतो." असं वर्ष गेलं होतं.

"काय गो, देवाला सदरा शिवायचा हाय?" हसुराम ओट्यावरून हसले.

दर अमावास्येला ते दगडाला शेंदूर लावत. त्या थरांनीच फट बुजत असणार, असा रुचिराचा तर्क होता. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. तिने सुरीने सगळा शेंदूर खरवडून काढला आणि पुन्हा पट्टी धरली.

फट उरलीच नव्हती. धार मानेत शिरली होती आणि तिथला दगड ओला होता.

तिने वळून पाहिलं. हसुरामांच्या मानेवर एक सरळ चीर हळूहळू उघडत होती. ती धावली, ओढणी दाबून धरली. ओढणी बघता बघता भिजली.

"बाबा, दवाखान्यात चला! सही करून टाका, आपण पनवेलला खांदा कॉलनीत घर घेऊन राहू!"

हसुरामांनी तिचा हात शांतपणे बाजूला सारला. रक्त छातीवर उतरत होतं.

"ठरलं गो पोरी," ते म्हणाले. "आमी जाणार नाय."