खालच्या कडेची मापं

सूछिननं टेप पुन्हा लावून पाहिला. खुर्चीची बैठक आराखड्यात होती त्यापेक्षा बोटभर उंच भरत होती. खुर्चीचे हात उंच, पाठही उंच. एखादंच माप चुकलं असतं तर घडवणाऱ्याचा हात हलला म्हणता आलं असतं. इथं सगळीच सरकली होती.

आराखडा वेनचौचा, तिच्या नवऱ्याचा. त्यानं काढलेला शेवटचा. खुर्ची घडवली ती सासऱ्यांनी, ल्याओ मिस्त्रींनी. पोराच्या मातीवर गवत उगवायच्या आत म्हाताऱ्यानं रंधा हातात घेतला होता. आता दाराशी टेम्पो उभा होता. शांघायच्या प्रदर्शनात वेनचौच्या नावाच्या पाटीखाली मांडायला हीच एक खुर्ची होती. ही गेली नाही तर पाटीही लागणार नव्हती, आणि दुसरी करायला वेळ उरला नव्हता.

वेनचौ डेन्मार्कला शिकून आला तेव्हापासून बापलेकांचं मापांवरून वाजत असे. पाठ त्यानं घराण्यातल्याच वळणाची ठेवली होती. खिळा न मारता खाचेत खाच बसवायची, तेही वडिलांचंच. बैठक मात्र तिकडच्यासारखी, ठेंगणी, रुंद, दोरीनं विणलेली. ही बसायला केलीस की लोळायला, असं म्हातारा विचारायचा. आणि लोळायचंच असेल तर माप तरी शुभ धर. इथं, श्येनयौमधल्या कुठल्याही सुताराच्या टेपवर आकड्यांशेजारी लाल-काळी घरं छापलेली असतात. लाल शुभ, काळं अशुभ. वेनचौ हसायचा. गुडघ्याला शुभ-अशुभ कळत नाही बाबा, त्याला नुसती उंची कळते, म्हणायचा.

तो गेल्यावर म्हातारा आपणहून सूनबाईला म्हणाला होता, आराखड्यात आहे तश्शीच करीन.

सूछिननं टेपवरचं घर पाहिलं. काळं. म्हणजे पोराचं ऐकलं नाही आणि स्वतःचंही नाही. भांडण जिंकायचंच होतं, तर नीट जिंकायचं तरी. मग तिला दुसरीच शंका आली. गेल्या आठवड्यात त्यांनी रिकामी किटली शेगडीवर ठेवली होती, आणि विचारल्यावर तिच्याचकडे बघत बसले होते.

"बाबा, तुमचा चष्मा कुठंय?"

"नाकावर. तुला दिसत नसेल तर तूच लाव."

मापं काळ्यात पडतायत, ती म्हणाली. म्हातारा हातातलं फडकं ठेवून आला. टेप काही त्यानं घेतला नाही. नुसता अंगठा टेकवला, टेपच्या खालच्या कडेवर.

तिकडं ती बघतच नव्हती. कोण बघतं? घर, पलंग, मेज, जे काही जित्या माणसांचं, ते वरच्या कडेनं मोजायचं. खालच्या कडेची लाल-काळी घरं वेगळी. ती गेलेल्यांची, थडग्यासाठी, पितरांच्या नावाच्या पाट्यांसाठी.

बैठकीचं माप तिथं लाल होतं. तिनं खुर्चीचे हात मोजले. लाल. पाठ मोजताना टेप तिच्या हातून सुटून सर्रकन आत गेला. ती तिनं पुन्हा मोजली नाही.

"उभ्या जन्मात माझ्या मापाच्या खुर्चीत बसला नाही," ल्याओ मिस्त्री म्हणाले. "आता वाद घालता येत नाही त्याला. बसेल."

सूछिनला रागवायचं होतं. पाटीवर नाव त्याचं आणि खुर्ची अशी, हे त्याला चाललं असतं का, असं काहीतरी तोंडाशी आलंही. पण म्हाताऱ्याचा अंगठा बैठकीच्या कडेवरून फिरत होता.

"लोक येणार बघायला, बाबा. अशा खुर्चीत कुणी बसलं म्हणजे?"

"खुर्चीभोवती दोरी बांधतात ना तिथं? तूच म्हणालीस. कुणाला बसू देत नाहीत."

"नाही देत."

"मग झालं तर. त्याची त्याला मोकळी राहील."

त्या दोरीचा वेनचौला भारी संताप. परक्या प्रदर्शनात तो दोरी ओलांडून आत जायचा, बसायचा, आणि पहारेकऱ्यानं उठवलं की वर त्यालाच बसून बघ म्हणायचा. हे तिनं म्हाताऱ्याला सांगितलं नाही. दाराशी जाऊन तिनं टेम्पोवाल्याला हाक मारली आणि खुर्ची चढवायला सांगितली.

घोंगड्यांत गुंडाळून दोघांनी खुर्ची चढवली. आडवी नको, असं म्हातारा दोनदा म्हणाला, तेव्हा टेम्पोवाल्यानं पुन्हा दोर सोडून ती उभी बांधली. सूछिन पुढं त्याच्याशेजारी बसली. इंजिन सुरू झालं तसे सासरे खिडकीशी आले. सावकाश जा म्हणतील, असं तिला वाटलं.

"वाटेत पूल आला की त्याला नावानं हाक मार," ते म्हणाले. "सांग, पूल ओलांडतोय, बरोबर ये. नाहीतर पाण्याच्या अलीकडंच राहील."

ती हो म्हणेपर्यंत ते वळलेही होते.

गाव मागं पडलं. टेम्पोत कसलंसं प्रेमाचं गाणं मोठ्यानं लागलं होतं. नदीकडचा चढ लागला तसा टेम्पोवाल्यानं ते बंद केलं.

"शांघायपर्यंत पूल फार आहेत, ताई," रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "तुमचा डोळा लागला तर मी मारीन हाक. नाव काय त्यांचं?"