ब्याण्णव दिवसांचं पाणी

अकराव्या झाडानेही तेच सांगितलं. भिंगाखाली त्या एका वर्षाचं कडं केसाएवढं बारीक होतं. तिने चौथ्यांदा मोजलं, उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली.

नदीच्या उगमाजवळच्या म्हाताऱ्या झाडांच्या खोडांतून पेन्सिलीएवढ्या कांड्या काढून ती नदीचा तीनशे वर्षांचा इतिहास जुळवत होती. पाणी भरपूर तर कडं जाड, पाणी कमी तर बारीक. झाडाला ना बढती हवी असते, ना कुणाची भीती. पण झाडांचं म्हणणं पडताळायचं नदीच्या मोजणीवहीशी, आणि वही बाबांच्या हातची. डोंगरातल्या चौकीवर ते रोज पाणी मोजत. तीस वर्षांत एकही खाडा नाही, हे पाहुण्यांना चहाआधीच ऐकावं लागे.

वही म्हणत होती, त्या उन्हाळ्यात नदी छान वाहत होती. शेवटी तिने आदल्या सालची पानं शेजारी ठेवली. ब्याण्णव दिवस, ब्याण्णव आकडे, सगळे जसेच्या तसे.

उद्या अहवाल द्यायचा होता. ते साल राहू दिलं, तर ही नदी कधी आटतच नाही असं ठरणार. मग बोगद्यातून तिचं पाणी शहराकडे वळवणार आणि पुढच्या कोरड्या साली खालच्या गावांच्या तोंडचं पाणी पळणार. खोडलं, तर कारण लिहावं लागणार. इकडे आड, तिकडे विहीर.

बाबा गॅलरीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. तिने वही त्यांच्यापुढे धरली.

"बाबा, हे आकडे कुठून आणलेत?"

त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"आदल्या वर्षीचे उतरवले. खोड ते."

"आणि कारण काय लिहू?"

"खरं असेल ते लिही."

तिला रागापेक्षा लाजच जास्त वाटली. "म्हणजे तीन महिने तुम्ही नदीवर गेलाच नाहीत?"

"रोज गेलो गं. पात्रात नुसते धोंडे. पहिला आठवडा शून्यच लिहिलं. वरच्या साहेबांनी ते पान फाडलं आणि म्हणाले, 'घरी बसून काय लिहितोस? नदीवर जाऊन ये.'"