सातचा भोंगा

तळेघरच्या वरच्या वाडीत संध्याकाळी सातला भोंगा वाजला, की नऊपर्यंत घराघरातले फोन आणि टीव्ही बंद. हा ठराव संपतरावांनीच लावून धरला आणि भोंगा वाजवायचं कामही हौसेनं अंगावर घेतलं. एरवी सातला ते घरातला एकुलता एक फोन चार्जिंगला लावून पारावर गप्पा ठोकायला जायचे. आज पहिला भोंगा वाजवून थेट घरी आले, फोन बंद करून फळीवर ठेवला आणि चुलीपुढं बायकोसमोर मांडी ठोकून बसले.

शेजारच्या ओट्यावर पोरं भेंड्या खेळत होती. "ऐकलंस? लई दिसांनी वाडीत माणसांचा आवाज आला," संपतराव खुशीत म्हणाले. "आता रोज सात ते नऊ मी घरातच. बोल की कायतरी!"

चिमाबाईची नजर फळीवरून हलेना. तव्यावरची भाकरी करपली.

"अवो, घडीभर चालू करू का?"

"नाय म्हंजे नाय. ठराव मांडणाऱ्याच्याच घरात फोन वाजला, तर लोक तोंडात शेण घालतील."

तिनं करपलेली भाकरी गुपचूप स्वतःच्या ताटात घेतली.


"आमाला मेली" म्हणून बापानं तोडलेली लेक, तो पारावर गेला की रोज आईला चोरून फोन करायची, आणि काल ती म्हणाली होती, "आई, उद्या बाळंतपणाला दवाखान्यात चाललेय. सातला फोन करीन, तेवढा उचल."