सुखरूप उतरलं विमान

आठवडाभर चिखलात वाकून धानाचा रोवणा आटोपला, तेव्हा कुठे बेबीबाई कंबरेला तेल चोळून सुनेसोबत टीव्हीपुढे बसली. सिनेमातलं विमान गुंडांनी पळवलं होतं. गोळ्या सुटल्या, पायलट मेला, तशी बेबीबाईने पदराचा बोळा तोंडात धरला. "देवा, वाचव रे त्या लेकरायले!"

शेवटी हीरोने गुंडाला दारातून खाली फेकलं आणि पेटलेलं विमान शेतातल्या एका हिरव्यागार बांधीत फरफटत उतरवलं. सगळे प्रवासी वाचले. सुनेने टाळ्या पिटल्या.

बेबीबाई मात्र कंबर विसरून ताडकन उठली. "अवं माय! कालपरवाच रोवलेलं धान होतं न ते! गुंडाले काहून फेकलं? या मुडद्या हीरोले फेकाले पायजे होतं!"